टाकीतलं पाणी किती खारं? आधी बाटलीतलं मोजा

घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या वाचकांचा एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो. ‘हायड्रोमीटर १.०२३ दाखवतो, रिफ्रॅक्टोमीटर ३६ दाखवतो आणि दुकानात नेलेलं तेच पाणी ३३ निघतं. यातलं खरं कुठलं धरू?’ प्रश्न भिवंडीतून येतो तेव्हा पुढे आणखी एक वाक्य जोडलेलं असतं: ‘आणि मे महिन्यात तर रोज वेगळाच आकडा येतो.’

कुठलंच धरू नका. ज्याचा आकडा तुम्हाला आधीच पक्का माहीत आहे असं पाणी घरात नसेल, तर कुठल्याही उपकरणावर विश्वास ठेवायला आधार नाही. असं पाणी एका बाटलीत करून ठेवायला अर्धा तास लागतो आणि साहित्य स्वयंपाकघरातलंच आहे. या लेखाचा मोठा भाग त्या बाटलीवर आहे, कारण बाकीच्या बहुतेक शंका तिच्यामुळे सुटतात.

मी हे नुकसान सोसून शिकलो. पहिल्या वर्षी माझा काचेचा हायड्रोमीटर १.०२३ दाखवत होता. पाणी अळणी झालंय असं समजून मी दोन दिवसांत मीठ वाढवत १.०२६ वर नेलं. तिसऱ्या सकाळी क्लीनर झिंगा दगडाच्या कडेला आडवा पडलेला होता, मिशा अजून हलत होत्या. क्लाउनफिशचे कल्ले भराभर उघडझाप करत होते. पाणी मुळात ३५च होतं, मी ते ३९ पर्यंत नेलं होतं. हायड्रोमीटर बिघडलेला नव्हता. त्याच्या दांड्यावर बारीक अक्षरात ‘६० अंश फॅरनहाइट’ लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंच नव्हतं.

आधी शब्द आणि आकडे

शाळेच्या भूगोलात आपण ‘सागरजलाची क्षारता’ शिकलो. तिथे क्षारता म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचं प्रमाण. पण मत्स्यालयाच्या दुकानात अल्कलिनिटी मोजायचा जो किट मिळतो, त्यालाही बरेचजण मराठीत क्षारताच म्हणतात. त्या किटने पाण्याचा खारटपणा कळत नाही. दुकानात मागताना ‘सेलिनिटी’ असंच मागा.

आकडे तीन भाषांत येतात:

- पीपीटी: एक हजार ग्रॅम पाण्यात किती ग्रॅम क्षार. समुद्राचं पाणी सरासरी ३५.
- स्पेसिफिक ग्रॅव्हिटी: त्याच तापमानाच्या गोड्या पाण्याच्या तुलनेत हे पाणी किती जड. ३५ पीपीटी म्हणजे २५ अंश सेल्सिअसला १.०२६४. तिसऱ्या दशांशातला एक आकडा म्हणजे साधारण १.३ पीपीटी.
- कंडक्टिव्हिटी: पाण्यातून वीज किती सहज जाते. ३५ पीपीटीला २५ अंशांवर ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंमी.

आणि टीडीएस पेन? आरओ बसवणारा माणूस खिशातून काढतो ते पेन इथे उपयोगाचं नाही. समुद्राचं पाणी पीपीएममध्ये ३५,००० होतं आणि बहुतेक पेनांची धाव ९,९९० ला संपते. ते पेन आरओचं पाणी तपासायला ठेवा, टाकीत बुडवू नका.

किती ठेवायचं हेही अनेकजण विचारतात. नुसते मासे असतील तर ३० ते ३५ मधला कुठलाही आकडा चालतो, फक्त तो स्थिर हवा. झिंगे, समुद्रफुलं, स्टारफिश असतील तर ३५ च्या आसपास राहा. हे जीव आकडा हलला की माशांच्या आधी मरतात.

३५ची बाटली घरी करा

लागणाऱ्या वस्तू:

- बारीक, रिफाइंड आयोडीनयुक्त मीठ. खडेमीठ नको, सैंधव नको.
- ०.१ ग्रॅम किंवा त्याहून बारीक मोजणारा छोटा वजनकाटा, सोनार वापरतात तसा.
- एक ग्रॅम मोजणारा साधा स्वयंपाकघरातला काटा.
- डिस्टिल्ड वॉटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला जे पाणी मिळतं ते चालतं. घेताना लेबल नीट वाचा, शेजारीच बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं. घरच्या आरओचं पाणीही चालेल, कारण त्यात १०० पीपीएम क्षार असले तरी फरक ०.१ पीपीटीचाच पडतो.
- घट्ट झाकणाची स्वच्छ, कोरडी बाटली.

मीठ मोजण्याआधी कोरडं करा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. ते तसंच मोजलं तर काट्यावर मिठाबरोबर ओलही मोजली जाते. कोरड्या कढईत मंद आचेवर दहा मिनिटं मीठ परता, चमच्याला चिकटेनासं झालं की उतरवा आणि झाकण लावून गार होऊ द्या. उघडं ठेवलंत तर ते पुन्हा हवेतली ओल घेईल.

प्रमाण उपकरणाप्रमाणे थोडं बदलतं:

- रिफ्रॅक्टोमीटरसाठी: मीठ ३६.५ ग्रॅम, पाणी ९६३.५ ग्रॅम.
- हायड्रोमीटरसाठी: मीठ ३७.१ ग्रॅम, पाणी ९६२.९ ग्रॅम.

‘मग सरळ ३५ ग्रॅम का नाही?’ कारण स्वयंपाकाचं मीठ म्हणजे एकटं सोडियम क्लोराइड, आणि समुद्रात त्याच्याबरोबर मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियमही असतात. रिफ्रॅक्टोमीटर पाण्यातून प्रकाश किती वाकतो ते बघतो, हायड्रोमीटर पाणी किती जड आहे ते बघतो. ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याइतका प्रकाश वाकवायला साधं मीठ ३६.५ लागतं, तितकं जड व्हायला ३७.१ लागतं. म्हणून दोन बाटल्या. तुमच्याकडे एकच उपकरण असेल तर एकच करा.

पाणी वजनाने घ्या, मापाच्या भांड्याने नको. पाण्यात पाच ग्रॅमची चूक झाली तरी ०.२ पीपीटीच्या आतच फरक पडतो. मिठात मात्र एक ग्रॅम चुकला की जवळपास एक पीपीटी चुकतो. लक्ष मिठाच्या काट्यावर ठेवा.

पूर्ण विरघळेपर्यंत हलवा, एक रात्र ठेवा, बाटलीवर तारीख आणि ‘३५’ लिहा. उघडल्यावर लगेच बंद करायची, कारण झाकण सैल राहिलं तर पाणी उडतं, मीठ राहतं आणि ३५ चं ३६ होतं. मी दर तीन महिन्यांनी नवी करतो. बाजारात तयार ‘३५ पीपीटी’ कॅलिब्रेशन द्रावणही मिळतं. ते चांगलंच आहे, पण बाटली अर्धी झाल्यावर त्यालाही हाच नियम लागू होतो.

कोणतं उपकरण घ्यावं

*पात्यावर हलणाऱ्या काट्याचा प्लास्टिकचा हायड्रोमीटर* सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा. काट्याला एक हवेचा बुडबुडा चिकटला तरी तो वर उचलला जातो आणि पाणी जास्त खारं दिसतं. मिठाचा थर चढला की उलटं होतं. तो वापरायचाच असेल तर पाणी हळू भरा, बोटाने टिचक्या मारून बुडबुडे काढा, सपाट जागी ठेवा आणि वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवा. माझं मत विचाराल तर नवा घेऊ नका.

*काचेचा तरंगता हायड्रोमीटर* चांगल्या प्रतीचा असेल तर रिफ्रॅक्टोमीटरपेक्षाही भरवशाचा ठरू शकतो. त्यात सरकणारा भाग नाही, स्क्रू नाही. अट एकच, दांड्यावर छापलेलं तापमान वाचा. तो टाकीत तरंगत ठेवू नका, उंच काचनळीत पाणी काढून त्यात सोडा आणि डोळा पाण्याच्या पातळीत आणून वाचा. दांड्याला पाणी थोडं वर चढलेलं दिसतं. ते चढलेलं टोक सोडून सपाट पातळीचा आकडा घ्या.

*हातातला रिफ्रॅक्टोमीटर* बहुतेकांसाठी योग्य. दोन-तीन थेंब पाणी पुरतं. त्याच्या खोडीबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

*डिजिटल सेलिनिटी पेन* म्हणजे मुळात कंडक्टिव्हिटी मीटर. घेताना ५० पीपीटीपर्यंत मोजतं का ते बघा. त्याला वर सांगितलेल्या मिठाच्या बाटल्या चालत नाहीत, कारण साध्या मिठाचं पाणी वीज वेगळ्या प्रमाणात वाहून नेतं. त्यासाठी ५३ मिलिसीमेन्सचं किंवा समुद्री पाण्याचं तयार द्रावण विकतच घ्या. पेनच्या खाचेत बुडबुडा अडकला की आकडा घसरतो, म्हणून पाण्यात बुडवल्यावर ते हलकेच झटका.

मागून आणलेली उपकरणं

भिवंडीत हा प्रश्न खास आहे, कारण इथे हायड्रोमीटर आणि रिफ्रॅक्टोमीटर आधीपासूनच हाताळले जातात. साइझिंगमध्ये सुताला लावायच्या खळीची तीव्रता रिफ्रॅक्टोमीटरवर बघतात, डाइंगमध्ये कॉस्टिक ट्वाडल हायड्रोमीटरवर मोजतात. घरातलं कुणी तिथे कामाला असेल तर ‘आमच्याकडचा आणू का?’ असं हमखास विचारतं. तर:

- साइझिंगचा ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर: त्याची मोजपट्टी साखरेची असते. ३५ पीपीटी पाणी त्यावर साडेचारच्या आत-बाहेर दिसतं. दोन रेघांमधलं अंतर आपल्या कामासाठी फार मोठं पडतं. नको.
- डाइंगचा ट्वाडल: एक अंश ट्वाडल म्हणजे ०.००५, म्हणजे साडेसहा पीपीटी. समुद्राचं पाणी त्यावर सव्वापाच अंशांवर येतं. टाकीसाठी हाही नको.
- बॅटरीचा हायड्रोमीटर: त्याची पट्टी आपल्या आकड्याच्या कितीतरी वर सुरू होते. अजिबात नको.
- लॅक्टोमीटर: हा मात्र उपयोगी पडतो. दूध आणि समुद्राचं पाणी यांचा जडपणा जवळजवळ सारखाच, म्हणून त्याच्या पट्टीवर आपला आकडा बसतो. फक्त त्यावरचा आकडा पीपीटी समजू नका. आधी हायड्रोमीटरच्या बाटलीतल्या पाण्यात सोडा आणि कुठे थांबतो ते लिहून ठेवा. मग त्याच तापमानाच्या टाकीच्या पाण्यात सोडा. दोन्हीकडे एकाच रेघेवर थांबला तर तुमची टाकी ३५ आहे.

लॅक्टोमीटरची ही युक्ती कुठल्याही काचेच्या हायड्रोमीटरला लागू होते. त्यावर काय छापलंय याला मग फारसं महत्त्व उरत नाही. माझा तो ६० फॅरनहाइटचा हायड्रोमीटर आजही वापरात आहे, कारण बाटलीत तो कुठे थांबतो हे आता मला माहीत आहे.

रिफ्रॅक्टोमीटरवर क्रमाने

१. काच आणि झाकणपट्टी डिस्टिल्ड पाण्याने पुसून घ्या, मऊ सुती कापडाने. तुमचं घर मागाच्या कारखान्याला लागून असेल तर कापसाचे तंतू हवेतून येऊन काचेवर बसतात. झाकण लावल्यावर त्या तंतूभोवती पाणी नीट पसरत नाही आणि रेघ पुसट दिसते. उपकरण डबीतच ठेवा.

२. ‘३५’च्या बाटलीतले तीन थेंब टाका, झाकण सावकाश खाली आणा. बुडबुडा दिसला तर पुसून पुन्हा.

३. एक मिनिट थांबा. थेंब आणि काच एकाच तापमानाला यायला वेळ लागतो. घाई करणाऱ्यांना पहिला आणि तिसरा आकडा वेगळा मिळतो तो इथेच.

४. खिडकीतल्या उजेडाकडे धरून बघा. टाकीच्या निळ्या एलईडीखाली रेघेला रंगीत कडा येतात आणि ती नेमकी कुठे आहे ते ठरवता येत नाही.

५. रेघ ३५ वर नसेल तर स्क्रू फिरवून ३५ वर आणा.

६. पुसा, आता टाकीचे थेंब टाका, पुन्हा एक मिनिट, पुन्हा त्याच उजेडात वाचा.

७. बाटलीचा आकडा, टाकीचा आकडा, पाण्याचं तापमान आणि तारीख वहीत लिहा.

उपकरणाबरोबर आलेल्या कागदावर शून्यावर जुळवायला सांगितलेलं असतं: डिस्टिल्ड पाणी टाका, स्क्रू फिरवून शून्यावर आणा, झालं. खरी खोडी इथे आहे. बाजारातले अनेक स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात, त्यांची पट्टी समुद्राच्या पाण्याची नसते. शून्यावर अचूक जुळवलेला असा रिफ्रॅक्टोमीटर खऱ्या ३५ ला ३६.५ दाखवतो. तुम्ही तो आकडा ३५ वर आणून ठेवलात, तर टाकी प्रत्यक्षात साडेतेहतीसच्या आसपास राहते. म्हणून ३५ वरच जुळवा. त्यानंतर डिस्टिल्ड पाणी टाकून बघितलंत आणि रेघ शून्याच्या जराशी खाली गेली, तर घाबरू नका आणि स्क्रूला हात लावू नका. आपल्याला ३५ च्या आसपासच मोजायचं आहे, शून्यापाशी नाही.

काम झाल्यावर काच पुसून ठेवा. उपकरण नळाखाली धरू नका, आत पाणी शिरलं की नळीत धुकं बसतं आणि ते सहसा जात नाही.

मे महिन्यातली भिवंडी

उन्हाळ्यात घराघरात खोलीचं तापमान ३२-३४ च्या घरात जातं, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर. टाकीचं पाणी २९-३० होतं. याचे दोन परिणाम वेगवेगळे समजून घ्या.

पहिला हायड्रोमीटरवर. पाणी तापलं की पसरतं, हलकं होतं, आणि हायड्रोमीटर जास्त बुडतो. २५ अंशांवर जुळवलेला हायड्रोमीटर २९ अंशांच्या खऱ्या ३५ पीपीटी पाण्यात १.०२५ दाखवतो, म्हणजे पावणेदोन पीपीटी कमी. ६० फॅरनहाइटला, म्हणजे साडेपंधरा सेल्सिअसला जुळवलेला १.०२३ दाखवतो आणि चूक पाच पीपीटीपर्यंत जाते. माझा झिंगा याच चुकीत गेला.

दुसरा रिफ्रॅक्टोमीटरवर. त्यावर ‘एटीसी’ लिहिलेलं असतं, म्हणजे तापमानाची भरपाई तो आपोआप करतो. पण ही भरपाई सहसा १० ते ३० अंशांपर्यंतच असते. आपली खोली त्याच्या बाहेर गेलेली असते.

दोन्हींवर उपाय एकच. मोजण्याआधी झाकण घट्ट लावलेली बाटली टाकीच्या पाण्यात अर्धा तास तरंगत ठेवा, म्हणजे दोन्हींचं तापमान जुळेल. आधी बाटली मोजा, लगेच टाकी मोजा. तापमानामुळे जी चूक बाटलीत झाली तीच टाकीत होईल आणि तुलनेत ती निघून जाईल. रिफ्रॅक्टोमीटर थंड हवं म्हणून फ्रिजमध्ये किंवा एसीच्या खोलीत ठेवून आणू नका. दमट हवेत त्याच्या काचेवर बाष्प धरतं आणि तपासायचा थेंब पातळ होतो.

मोजण्याआधी पाण्याची रेघ बघा

पाणी उडतं, मीठ राहतं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बहुतेक ‘अचानक वाढलेले’ आकडे याच कारणाने येतात. टाकी थंड ठेवायला वर पंखा लावला असेल तर मे महिन्यात दिवसाला दोन-तीन लिटर सहज जातं. २०० लिटर पाण्यातून पाच दिवसांत १५ लिटर उडालं आणि भरलं नाही, तर ३५ चे जवळजवळ ३८ होतात. टाकीतलं मीठ एक ग्रॅमनेही वाढलेलं नसतं.

म्हणून टाकीच्या किंवा खालच्या संपच्या काचेवर मार्करने रेघ मारा. आधी गोड्या पाण्याने रेघेपर्यंत भरा, पंप चालू ठेवून तासभर जाऊ द्या, मगच मोजा. भरणीचं पाणी आरओचंच असू द्या. महापालिकेचं पाणी साठवून घालायची सवय इथे बऱ्याच घरांत आहे. खारटपणाच्या आकड्यावर त्याने लगेच काही दिसत नाही, पण त्यातले क्षार आणि नायट्रेट आठवड्यागणिक साचत जातात.

पावसाळ्यात उलट होतं. हवा दमट असल्याने पाणी कमी उडतं, आणि उन्हाळ्याच्या सवयीने भरत राहिलो तर टाकी अळणी होत जाते. बदलत्या ऋतूचे दोन आठवडे दोन-तीन दिवसांनी मोजा, एरवी आठवड्यातून एकदा पुरे.

नमुना टाकीच्या मधल्या भागातून घ्या. भरणीचं पाणी जिथे पडतं तिथून किंवा स्किमरच्या तोंडाशी घेऊ नका. आणि नवं खारं पाणी बनवताना पाकिटावरच्या चमच्यांच्या हिशेबावर राहू नका. सिंथेटिक मीठ साधारण ३६ ते ३८ ग्रॅम प्रति लिटर लागतं, पण पावसाळ्यात ढेकळं झालेल्या पिशवीतलं मीठ वजनाला खोटं असतं. पंप लावून एक दिवस फिरू द्या, पाणी काचेसारखं स्वच्छ झालं की मोजा.

चूक नक्की झाली, आता दुरुस्ती

आधी पाण्याचं खरं माप घ्या. दगड आणि वाळू असलेल्या २०० लिटरच्या टाकीत पाणी १६०-१७० लिटरच असतं. खालची उदाहरणं २०० लिटर *पाण्यासाठी* आहेत.

जास्त खारं झालं असेल (३८): रेघेपर्यंत भरल्यावरही ३८ येत असेल, तर एकूण १६ लिटर खारं पाणी काढून तितकंच आरओचं घालावं लागेल. ते तीन दिवसांत विभागा, रोज पाच-साडेपाच लिटर. रोज एक पीपीटीच्या वर उतरू नका.

कमी खारं झालं असेल (३२): टाकीत कोरडं मीठ कधीही टाकू नका. दाणे झिंग्याच्या किंवा समुद्रफुलाच्या अंगावर पडले तर भाजल्यासारखं होतं. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओऐवजी ३५ चं खारं पाणी घाला. रोज तीन लिटर उडत असेल तर दिवसाला अर्धा पीपीटी वाढत जाऊन सहा दिवसांत ३५ येईल. संयम लागतो, पण हाच मार्ग सुरक्षित आहे.

खाडीचं आणि समुद्राचं पाणी

‘काल्हेरची खाडी दहा मिनिटांवर आहे, तिथलंच आणलं तर?’ नको. उल्हासच्या खाडीचा खारटपणा भरती-ओहोटीनुसार आणि ऋतूनुसार बदलतो, पावसाळ्यात ते पाणी जवळजवळ गोडं होतं. शिवाय उल्हासच्या काठावरच्या शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी त्यात येतं, आणि ते रिफ्रॅक्टोमीटरवर दिसत नाही. उघड्या समुद्राचं पाणी आणणारे लोक आहेत, पण किनाऱ्याजवळून, पावसाळ्यात आणि न गाळता आणलेल्या पाण्यावर मी माझे मासे सोडणार नाही.

खरेदी करताना तुमचे हक्क

- आधी तपासून बघा. दुकानात जाताना ‘३५’ची छोटी बाटली बरोबर न्या. रिफ्रॅक्टोमीटर घेण्याआधी त्यात थेंब टाकून बघू द्या असं सांगा. स्क्रू पूर्ण फिरवूनही रेघ ३५ वर येत नसेल किंवा ती सगळीकडे पुसट असेल, तर तो घेऊ नका.
- वेष्टन वाचा. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वेष्टनावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क असायला हवा. आयात माल असेल तर मूळ देशही. ऑनलाइन विक्रीतही ही माहिती दाखवणं बंधनकारक आहे. कोऱ्या डबीतला माल घेतलात तर पुढे तक्रार कुणाविरुद्ध करायची हेच ठरत नाही.
- बिल मागा. बिल देणं टाळणं हे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथेत मोडतं. बिलावर मॉडेलचं नाव लिहून घ्या.
- ऑनलाइन आलं तर डबी उघडताना आणि पहिल्यांदा ‘३५’वर तपासताना मोबाइलवर चित्रण करा. ‘पाणी आत गेलंय, वॉरंटी नाही’ या उत्तराला तेच पुरावा म्हणून कामी येतं.
- दाद कुठे मागायची: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे भिवंडीकरांसाठी ठाणे जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं.

एक सावधगिरी तुमच्या बाजूनेही. काही विक्रेते माशांबरोबर जिवंत दगडी प्रवाळ किंवा समुद्री घोडे देऊ करतात. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली या जीवांना संरक्षण आहे. त्यांची खरेदी करणाराही अडचणीत येतो आणि अशा व्यवहाराचं बिल कुणी देत नाही.

आज आकडा जुळत नसेल तर

मासे नीट पोहत असतील, खात असतील, कल्ल्यांची हालचाल शांत असेल, तर आज टाकीत काहीही घालू नका. मीठ नको, पाणी काढणं नको. पाणी रेघेच्या खाली असेल तर तेवढं आरओने भरा. संध्याकाळी बाटली बनवा, रात्रभर टाकीशेजारी ठेवा, आणि उद्या सकाळी खिडकीतल्या उजेडात आधी तिचा आकडा वाचा.